पाठमोरी

माझ्या नणंदेला घरीदारी सगळे टिल्ली म्हणतात. आता ती दाराच्या चौकटीला डोकं लागेल इतकी वाढली आहे, तरी नाव तेच राहिलं. ते दिलं शाळेतल्या पी.टी.च्या सरांनी. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ती पाचवीत होती आणि मुलींच्या मनोऱ्यात सगळ्यात वर उभी राहायची. सर खालून म्हणायचे, "टिल्ली, हात." की ही दोन्ही हात पसरायची. घरीसुद्धा कपाटावरचा डबा काढायला स्टुलावर चढली की आपोआप हात पसरायची आणि सासूबाई म्हणायच्या, "खाली ये आता, टाळ्या नाही वाजवणार कोणी."

आठवीच्या सुट्टीत ती एकदम वाढली. वर चढवायला जड आणि तळाशी घ्यायला काडीपैलवान, अशी मधल्यामध्ये लोंबकळली. दोन दिवस पांघरुणात तोंड खुपसून रडली. तिसऱ्या दिवशी शाळेतून आली ती गळ्यात शिट्टी अडकवून. सरांनी तिला कप्तान केलं होतं.

सासूबाईंना वाटलं, पोरीची समजूत काढायला दिली असेल शिट्टी. मलाही तसंच वाटलं. कारण टिल्ली म्हणजे अशी मुलगी, की दुकानदाराने सुटे कमी दिले तर तशीच घरी यायची आणि मग आम्हालाच जाऊन भांडावं लागायचं. ती काय हुकूम देणार, आणि तो कोण ऐकणार.

पण सरांचं कप्तान करणं वेगळं होतं. मनोऱ्याच्या तळाला पाच मुली घोडा होऊन बसायच्या, हात आणि गुडघे जमिनीला टेकून, मान खाली. त्यांच्या पाठीवर चार, मग तीन, असं करत वरपर्यंत. तळातल्या मुलींना काहीच दिसत नाही, फक्त जमीन दिसते. त्या पाचजणींनी पाळीपाळीने आपापला आकडा मोठ्याने म्हणायचा. एक, दोन, तीन, चार, पाच, पुन्हा एक. जिला भार सहन होत नाही तिने काही बोलायचं नाही, फक्त आपला आकडा गाळायचा. आकड्यांच्या माळेत खंड पडला की कप्तानाने लांब शिट्टी मारायची, आणि वरच्या मुलींनी एकेक करून उतरायचं. आणि कप्तानाने हे सगळं मनोऱ्याकडे पाठ करून ऐकायचं.

हे पाठ करणं मला आधी कळलंच नाही. टिल्लीने समजावलं. मनोरा उभा राहिला की माणसाची नजर वर जाते, सगळ्यात वरच्या मुलीकडे. सगळे तिकडेच बघत असतात. कप्तानही बघायला लागला तर तळातल्यांचं कोण ऐकणार? म्हणून तोंड भिंतीकडे आणि कान तळाकडे.

आणि कोणालाही "मला होत नाही" असं म्हणावं लागू नये, हेही सरांचंच. ते स्वतः शाळेत असताना तळाच्या रांगेत असायचे. एकदा नाही होत म्हणाले म्हणून त्यांच्या मास्तरांनी सगळ्यांदेखत वेताने मारलं होतं, आणि पुढच्या वेळी ते काही बोलले नाहीत तेव्हा खांदा निखळला. तो खांदा अजून जरा खाली झुकलेला दिसायचा. मुलींना ते सांगायचे, तोंडाने कबूल करायला लाज वाटते, गप्प राहायला वाटत नाही. म्हणून गप्प राहा. बाकीचं कप्तान बघेल.

सराव सुरू व्हायच्या आधी ते टिल्लीला विचारायचे, आज कोण जेवली नाही? कोण झोपली नाही? कोणाच्या घरी भांडण झालं? ते टिल्लीला माहीत असायला हवं. नसलं तर त्या दिवशी मनोरा नाही, नुसती मैदानाला फेरी. पहिल्या महिन्यात मुलींनी इतक्या फेऱ्या मारल्या की त्या टिल्लीला फेरीवाली म्हणायला लागल्या. मग हळूहळू ती विचारायला शिकली. मग न विचारता ओळखायला शिकली.

ते मी घरात अनुभवलं. माझं बाळ तेव्हा महिन्याचं होतं, आणि मी त्याच्या रडण्यातली भूक कुठली आणि झोप कुठली हे अजून शिकत होते. टिल्ली शेजारच्या खोलीत अभ्यासाला बसलेली असायची, माझ्याकडे पाठ करून. मी बाळाला थोपटत काहीतरी गुणगुणत असायचे. आणि ती मागे न बघताच उठायची, बाळाला माझ्या हातातून घ्यायची आणि म्हणायची, "वहिनी, बस. आता मी."

मी दमलेय हे मला कळायच्या आधी तिला कळायचं. गंमत म्हणून एकदा मी मुद्दाम ठणठणीत आवाजात गायले. ती म्हणाली, "आता नाटक."

तळाच्या रांगेत मधोमध, म्हणजे तीन नंबरला, जी मुलगी असायची तिला सगळे खांब म्हणायचे. ते नाव तिने स्वतःच घेतलं होतं. रुंद खांद्यांची, हसरी, तोंडाने फटकळ. तिची आई इस्त्रीचं दुकान चालवायची, पुढे दुकान आणि मागे एक खोली, वडील कधीचेच सोडून गेलेले. लहानपणापासून कपड्यांची गाठोडी वाहून तिच्या अंगात बळ आलं होतं. आमच्याकडे आली की बाळाला एका हाताच्या तळव्यावर बसवायची आणि सासूबाईंचा जीव वरखाली व्हायचा. "मावशी, माझ्यावर दहा जणी उभ्या राहतात," ती म्हणायची. "हा तर लिंबाएवढा."

टिल्ली म्हणायची, खांबाचा 'तीन' सगळ्यात भरदार. तिचा आवाज आला की बाकीच्या चौघींना धीर येतो. आणि दोन वर्षांत एकदाही तिने आकडा गाळला नव्हता.

वार्षिक समारंभाच्या आधी संस्थेची माणसं रंगीत तालीम बघायला येणार होती. मनोऱ्याचं पथक ठेवायचं की त्या पैशांत संगणक घ्यायचे, असं काहीतरी वर चाललं होतं. सर त्या आठवड्यात फार थकलेले दिसायचे. मुलींच्या कमरपट्ट्यांना शिवण घालायला कोणीतरी हवं होतं, म्हणून टिल्लीने मला ओढून नेलं होतं. सभागृहाच्या कडेला जास्तीच्या गाद्यांचा ढीग होता, त्याच्यावर बाळाला निजवून मी सुई-दोरा घेऊन बसले होते.

पाहुणे बसले. सरांनी ध्वनिक्षेपकावर गाणं लावायला सांगितलं. नुसते आकडे ऐकायला पाहुण्यांना कंटाळवाणं वाटेल, असं कोणीतरी त्यांना सुचवलं होतं. गाणं जोरकस होतं, ढोल आणि तुताऱ्यांचं. तळाची रांग बसली तेव्हा टिल्ली सरांकडे गेली. काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, पण तिने कानाकडे बोट नेलेलं दिसलं. सरांनी पाहुण्यांकडे बघितलं, मग तिच्याकडे. हात वर केला आणि पुढे ढकलल्यासारखा केला. चालू दे.

ती आपल्या जागी आली. मनोऱ्याकडे पाठ केली. छोटी शिट्टी मारली आणि मुली चढायला लागल्या.

सगळ्यांसारखी मीही वरच बघत होते. वर आता पाचवीतली एक चिमुरडी होती. ती उभी राहिली, हात पसरले. टाळ्या सुरू झाल्या. संस्थेचे एक गृहस्थ खुर्चीतून अर्धे उठले. टिल्ली भिंतीकडे तोंड करून उभी होती, शिट्टी ओठांत, डोळे मिटलेले. कपाळाला आठी. ती ऐकायचा प्रयत्न करत होती.

मनोरा बाहेर पडला नाही, आत पडला. मधूनच खचला, आणि वरच्या सगळ्याजणी त्या खड्ड्यात गेल्या. गाद्या होत्या. पण गाद्या खाली होत्या आणि मुली वरून आल्या.

गाणं चालूच होतं. कोणीतरी धावत जाऊन ते बंद केलं. सर ढिगाऱ्यापाशी गुडघ्यांवर बसले आणि एकेकीला ओढून काढायला लागले. म्हणाले, "आकडे. आकडे बोला."

"एक," कोणीतरी रडत म्हणालं.

"दोन."

मग काहीच आलं नाही.

"चार."

टिल्लीने तेव्हा लांब शिट्टी मारली. अजून तिचं तोंड भिंतीकडेच होतं. ती शिट्टी मी आयुष्यात विसरणार नाही. श्वास संपेपर्यंत ती वाजत राहिली आणि बाळ दचकून उठलं.

मानेचं हाड मोडलं होतं. रुग्णालयातल्या डॉक्टरांनी खांबाच्या आईला जिन्यात उभं राहूनच सांगितलं, कारण आत जागा नव्हती. पाय जाणार. हात किती परत येतील ते बघू. आईने विचारलं की म्हणजे शाळेत केव्हा जाईल. डॉक्टरांनी पुन्हा सुरुवातीपासून सांगितलं. तिच्या खांद्यावर लोकांचे इस्त्री केलेले शर्ट तसेच होते, पोचवायला निघाली असताना निरोप आला होता. ते शर्ट मी घेतले आणि नंतर घरोघरी पोचवले.

टिल्लीला खांबाला भेटू दिलं ते एकदाच, पहिल्या आठवड्यात. मी बरोबर होते. खांब छताकडे बघत होती, मान पट्ट्यात अडकवलेली. टिल्ली तिच्या नजरेच्या टप्प्यात यावी म्हणून वाकून उभी राहिली.

खांब म्हणाली, "मी गप्प बसले होते गं."

टिल्ली आणखी खाली वाकली.

"किती वेळ गप्प होते मी. पहिल्यांदाच गप्प बसले. आता वाजेल, आता वाजेल म्हणत होते."

तेवढ्यात तिची आई आली. तिने टिल्लीच्या दंडाला धरून तिला बाहेर काढलं, ओरडली नाही, मारलं नाही. फक्त म्हणाली, परत येऊ नकोस. घरी येईपर्यंत टिल्ली माझ्या पदराचं टोक धरून चालत होती, लहान असताना धरायची तसं.

शाळेने चौकशी लावली. त्याच्या आदल्या संध्याकाळी सर आमच्या घरी आले. सासूबाईंनी खुर्ची पुसून दिली. त्या सरांना देव मानायच्या, पोरीला वाचा दिली त्या माणसाने, असं सगळ्या गल्लीत सांगायच्या. सर बसले. पाणी हातात घेतलं आणि तसंच धरून राहिले. दाढी वाढलेली होती. बाळ रांगत त्यांच्या पायांशी गेलं, त्यांनी वाकून त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि मला त्यांची दया आली.

मग ते टिल्लीला म्हणाले, चौकशीत ते तुला एकच विचारतील, आकडे ऐकू येत होते का. तू हो म्हण. आकडे नीट येत होते, मग अचानक खाली काहीतरी सटकलं, असं सांग. गाण्याचं काढू नकोस. तू लहान आहेस, तुला कोणी काही करणार नाही. अपघात म्हणून मिटेल. नाहीतर माझी नोकरी जाईल, पथक जाईल, आणि पुन्हा कुठल्या शाळेत मला कोणी उभं करणार नाही.

"म्हणजे ती गप्प बसलीच नव्हती, असं सांगू?" टिल्लीने विचारलं.

सर पाण्याकडे बघत होते. म्हणाले, "तिला आता काय फरक पडणार आहे."

"सर, तुम्हीच तिला सांगितलं होतं. गप्प राहा, बाकीचं कप्तान बघेल."

त्यांनी पाणी न पिताच खाली ठेवलं. उठताना म्हणाले, तुला शिट्टी दिली तेव्हा तुझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता, ते विसरू नकोस. धमकी नव्हती ती. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. दारापर्यंत टिल्ली त्यांना सोडायला गेली आणि चप्पल घालताना त्यांचा तोल गेला तेव्हा तिनेच त्यांचा झुकलेला खांदा सावरला.

त्या रात्री जेवणं झालीच नाहीत म्हणायची. टिल्लीचा दादा म्हणाला, कशाला अंगावर घेतेस, पोर आहेस तू, सर सांगतात तसं सांग आणि मोकळी हो. सासूबाई म्हणाल्या, त्यांना दोन लेकरं आहेत, घर उघड्यावर पडेल त्यांचं. मग स्वतःच म्हणाल्या, पण त्या इस्त्रीवालीच्या पोरीनं खोटं ठरायचं का. आणि पदर डोळ्यांना लावून आत गेल्या. आमच्या घरात असं पहिल्यांदाच झालं, की सासूबाईंनी एका विषयावर दोन्ही बाजूंनी बोलून निकाल न देता ताट उचललं.

टिल्लीने मला विचारलं, "वहिनी, तू काय केलं असतंस?"

मी तिच्या ताटात भाताचा घास कालवून दिला. तिने तो खाल्ला, मग आणखी एक खाल्ला, आणि म्हणाली की उद्या उपाशी जाऊन चालणार नाही. सरांचीच शिकवण होती ती.

पालक म्हणून मीच गेले तिच्याबरोबर. दादाची कामावर पाळी होती आणि सासूबाईंना जिना चढवत नाही. मुख्याध्यापिका बाईंच्या खोलीत लांब टेबल, पलीकडे संस्थेची माणसं, त्यांतले एक तालमीला अर्धे उठलेले गृहस्थ. सर कोपऱ्यातल्या खुर्चीत. आणि खांबाची आई दाराजवळ, बसायला सांगितलं तरी उभी. तिच्या बोटांवर इस्त्रीचे जुने डाग होते, ते ती एका हाताने दुसऱ्या हाताचे चोळत होती.

बाईंनी मऊ आवाजात विचारलं, की बाळा, तळातल्या मुलींचे आकडे तुला ऐकू येत होते ना? प्रश्नच असा होता की नुसती मान हलवली असती तरी झालं असतं.

टिल्ली टेबलासमोरून वळली. त्या सगळ्यांकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. बाई म्हणाल्या, हे काय, इकडे बघून बोल. पण ती वळली नाही.

"मी अशी उभी होते," ती म्हणाली. "मला काही ऐकू येत नव्हतं. मी सरांना गाणं बंद करा म्हटलं होतं, ते चालू दे म्हणाले. तीन नंबर गप्प बसली होती. नियमाप्रमाणे तिने केलं ते बरोबर होतं. तिची काही चूक नाही."

मला वाटलं झालं, आता येईल. पण ती तिथेच उभी होती.

"आणि ऐकू येत नाही म्हटल्यावर मी वळून बघायला पाहिजे होतं. मला वाटलं, कप्तान वळला तर सर काय म्हणतील. पाहुणे होते. म्हणून मी वळले नाही. शिट्टी माझ्या तोंडात होती." मग ती वळली. सरांकडे नाही, दाराकडे बघून म्हणाली, "काकू, ती खरं सांगतेय."

खांबाच्या आईने बोटं चोळायचं थांबवलं. तोंडावर पदर घेतला आणि खोलीतून निघून गेली.

सरांची नोकरी गेली. पथक मोडलं. गाद्या वर्गांतल्या फुटक्या खिडक्यांना टेकवून ठेवल्या. शिट्टी परत मागितली, ती टिल्लीने दोरीसकट टेबलावर ठेवली. संगणक आले. आणि शाळेने उपचाराला हातभार लावावा म्हणून खांबाच्या आईला खेटे घालावे लागले ते लागलेच. खरं सांगितलं की सगळं सुरळीत होतं, असं मी माझ्या मुलाला कधी शिकवू शकणार नाही.

पथकातल्या मुली टिल्लीशी बोलायच्या बंद झाल्या. त्यांचाही जीव होता सरांवर. कोणाच्या फीची रदबदली त्यांनी केली होती, कोणाच्या बापाला समज दिली होती. एकदा मी शाळेच्या फाटकापाशी तिची वाट बघत होते तेव्हा एकजण मला ऐकू जाईल असं म्हणाली, आता मनोरा शिकवायला हिची वहिनी येणार वाटतं, शिवण घालत घालत. बाकीच्या हसल्या. टिल्ली त्यांच्या बाजूने चालत आली, थांबली, आणि त्या बोलणारीला म्हणाली की तुझा घसा बसलाय, गरम पाणी पी. ती मुलगी गोरीमोरी झाली. त्यांच्यापैकी कोण जेवली नाही, कोण झोपली नाही, ते टिल्लीला अजून समजायचं, आणि आता त्याचं काय करायचं ते तिला समजत नव्हतं.

सर आम्हाला एकदा बाजारात दिसले. एका गोदामाच्या दाराशी मालाची पोती मोजून घेत होते. त्यांनीच हाक मारली. टिल्ली गेली. त्यांनी विचारलं, खांब कशी आहे. टिल्ली म्हणाली, मला त्यांच्या घरी येऊ देत नाहीत, तुम्ही विचारून बघा सर. त्यांनी मान हलवली. जाईन म्हणाले. ते गेले नाहीत, हे आम्हाला नंतर कळलं.

खांब घरी आली होती, दुकानामागच्या खोलीत. टिल्ली रोज शाळा सुटली की त्या दुकानासमोर पलीकडच्या फुटपाथवर उभी राहायची. किती दिवस, कोणास ठाऊक. मला कळलं ते खांबाच्या आईकडूनच. ती एक दिवस आमच्या दाराशी आली, हातात कपड्यांचं गाठोडं. आत यायला तयार नव्हती. म्हणाली, तुमच्या पोरीला सांगा, ऊन लागून पडेल तिथे, आणि लोक मला बोलतील. सासूबाई म्हणाल्या, तुम्हीच सांगा तिला, आमचं कुठे ऐकते. मग दोघी जरा वेळ दारात उभ्या राहिल्या. खांबाची आई जाता जाता म्हणाली की पोरगी व्यायाम करताना आपल्याला बघू देत नाही. किती झालं ते कळू देत नाही. दमली तरी दमले म्हणत नाही, मग रात्रभर हात दुखून कण्हते. मी दिवसभर दुकानात, मला काय कळणार.

एवढंच म्हणाली. या म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी टिल्ली गेली, आणि मी बाळाला कडेवर घेऊन तिच्या मागोमाग. खांबाच्या आईने इस्त्रीवरून मान वर केली नाही, पण टेबल थोडं सरकवून आत जायला वाट करून दिली.

आत एक कॉट, एक खिडकी, भिंतीला दोरीवर टांगलेले परक्यांचे कपडे. खांब बारीक झाली होती. खांदे मात्र तेवढेच रुंद, त्यामुळे कोणीतरी दुसऱ्याच मुलीला ते लावल्यासारखे वाटायचे. तिने टिल्लीकडे बघितलं आणि बराच वेळ बघतच राहिली. मग बाळाकडे बघून म्हणाली, "लिंबू मोठा झाला की."

टिल्ली कॉटजवळ बसायला गेली.

"तिकडे तोंड कर," खांब म्हणाली. "बघायचं नाही."

टिल्लीने स्टूल फिरवलं आणि कपड्यांच्या दोरीकडे तोंड करून बसली. मी दारातच उभी होते. खांबाने उजवा हात चादरीवरून उचलायला सुरुवात केली. कोपरापासून वर नेऊन परत खाली, एवढंच. पण तेवढ्यालाही तिच्या मानेच्या शिरा ताठ व्हायच्या. ती मोजत होती. एक. दोन. तीन. आवाजात पूर्वीचा तो भरदारपणा आणायचा प्रयत्न होता आणि तो जमतही होता. मला तर काही फरक कळत नव्हता. बाहेर इस्त्री घासल्याचा आवाज, आत आकडे. बाळसुद्धा माझा गळा धरून गप्प झालं होतं.

सहाच्या पुढच्या आकड्यापाशी टिल्लीने स्टुलावरच अंग वळवलं. सरळ खांबाकडे बघितलं.

"बस," ती म्हणाली.

"अजून होतं माझ्यात."

"नव्हतं."

खांबाचा हात चादरीवर पडला आणि थरथरत राहिला. तो थांबवायला दुसरा हात उचलता येत नव्हता. टिल्लीने तो आपल्या हातात घेतला.

"वळलीस तू," खांब म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे चाललं होतं, ते तिला पुसता येत नव्हतं. "सर असते तर फेरी मारायला लावली असती."

"मारीन मग," टिल्ली म्हणाली, आणि आपल्या ओढणीने आधी तिचा एक कान पुसला, मग दुसरा.

बाहेर इस्त्रीचा आवाज थांबला होता.